घराचे कांदेपोहे

माझ्या आजीचा डोंबिवली पूर्वेतला वन बीएचके पाच महिने विकायला काढलेला होता आणि पाच महिन्यांत तो बघायला नऊ जण आले. त्यातल्या सात जणांनी हॉलच्या पुढे जायचे कष्टही घेतले नाहीत. दारातूनच मान आत घालून, ‘बरं, कळवतो’ म्हणत जिना उतरले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एवढे जिने धापा टाकत चढून आलेला माणूस दारातून परत का जातो, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. मामा म्हणाला, मार्केट डाऊन आहे. आई म्हणाली, नशिबात असेल तेव्हा विकलं जाईल. ब्रोकर म्हणाला, दोन लाख कमी करा.

मी काय केलं, तर प्रॉपर्टीच्या साइटवर जाऊन आमचीच जाहिरात शोधली. पहिला फोटो संडासचा. दुसऱ्यात दोरीवर वाळत घातलेले आजीचे कपडे. तिसऱ्यात दिवाण, त्यावर गाद्यांची चळत, चळतीवर सूटकेस, सूटकेसवर वर्तमानपत्रांची रद्दी. चौथ्यात कपाटाचा आरसा आणि आरशात मोबाइल धरलेलं ब्रोकरचं अर्धं डोकं. पाचवा फोटो पुन्हा संडासचा, दुसऱ्या अँगलने. तुमच्यापैकी ज्यांनी कधी पुण्या-मुंबईत रूम शोधलीय, त्यांना हे फोटो तोंडपाठ असतील. आपण ते बघतो, हसतो, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो आणि पुढे जातो. या वेळी ते आजीचं घर होतं, म्हणून हसू आलं नाही एवढंच.

या घराच्या पैशांची आजीला गरज होती. गुडघे गेलेत, तीन जिने जमत नाहीत, म्हणून ती ठाण्याला आमच्याकडे राहायला आली होती. पण पैसे तिला स्वतःच्या नावावर एफडीत हवे होते. ‘औषधाच्या गोळीसाठी मुलीकडे मागायचं, मग जावयाने मनात हिशोब करायचा, हे मला नको,’ असं ती बाबांच्या समोरच म्हणते. त्यामुळे ब्रोकर जे ‘दोन लाख कमी करा’ सहज म्हणतो, ते दोन लाख म्हणजे आजीच्या दर महिन्याच्या व्याजातले हजार-बाराशे रुपये. कायमचे.

तर, होम स्टेजिंग.

हा शब्द मी कॉलेजमध्ये जाहिरातीच्या पेपरच्या वेळी ऐकला होता. विकायला काढलेलं घर गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी नीट मांडायचं, पसारा काढायचा, उजेड आणायचा, गरज असेल तर भाड्याचं फर्निचर ठेवायचं. हे सगळं करून देणाऱ्या माणसाला त्याचे पैसे द्यायचे. इंटिरिअर डिझाइन वेगळं. ते घरात राहणाऱ्यासाठी असतं, स्टेजिंग घर सोडून जाणाऱ्यासाठी. अमेरिकेत याची सुरुवात १९७२ मध्ये सिअ‍ॅटलच्या परिसरात बार्ब श्वार्झ या बाईंनी केली असं मानलं जातं. त्या घरं विकायच्या आणि नाटकाची पार्श्वभूमी त्यांना होती. ‘स्टेज’ हा शब्द तिथून आला. मला यातली गंमत वाटते ती अशी की, ‘तुमचं घर अस्ताव्यस्त आहे’ हे घरमालकाला तोंडावर सांगता येत नाही. पण ‘प्रयोग आहे, रंगमंच लावू या’ म्हटलं की तो ऐकतो.

पण एका बाईच्या आयडियेने मागणी तयार होत नाही. ती तयार व्हायला तीसेक वर्षं लागली. श्वार्झ यांनी इतरांना शिकवायला घेतलं, कोर्स काढला, प्रमाणपत्रं दिली. मग टीव्ही आला. ब्रिटनमध्ये १९९८ साली ‘हाऊस डॉक्टर’, अमेरिकेत २००३ मध्ये ‘सेल धिस हाऊस’. या कार्यक्रमांत आधीचं घर आणि नंतरचं घर शेजारी शेजारी दाखवायचे, आणि आधीच्या घरावर आलेल्या लोकांच्या प्रतिक्रिया मालकाला ऐकवायचे. म्हणजे ज्या सात जणांनी आजीला ‘कळवतो’ सांगितलं, त्यांनी जिन्यात एकमेकांना काय सांगितलं असेल ते आजीला टीव्हीवर दाखवण्यासारखं. क्रूर आहे, पण परिणाम होत असणार.

आता तिकडे हा रूढ धंदा आहे. अमेरिकेतल्या रिअल इस्टेट एजंटांची राष्ट्रीय संघटना यावर अधूनमधून सर्वेक्षण करते. २०२३ च्या सर्वेक्षणात खरेदीदारांच्या बाजूने काम करणाऱ्या ८१ टक्के एजंटांनी सांगितलं की स्टेज केलेलं घर बघताना गिऱ्हाइकाला ‘इथे आपण राहू’ हे चित्र डोळ्यांसमोर आणणं सोपं जातं. हा आकडा स्टेजिंगची जाहिरात करणारे सगळीकडे वापरतात. पण नीट वाचा, हे एजंटांचं मत आहे. तेच घर एकदा मांडून आणि एकदा न मांडता विकून बघितलेलं नाही, तसं करताही येत नाही. त्यामुळे ‘स्टेजिंग करा आणि दहा टक्के जास्त मिळवा’ असं कुणी छातीठोकपणे म्हणालं की मी तिथेच सावध होते. आपल्याकडे ही सेवा विकायची असेल तर या वाक्याने सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डोंबिवलीतला माणूस हे वाक्य चिट फंडाच्या एजंटकडून ऐकून बसलाय.

आणि तसं बघितलं तर ही आयडिया आपल्याला नवीन कुठे आहे? मुलगी बघायला येणार म्हटलं की आपल्याकडे काय होतं? दिवाणावरची चादर बदलते. पंखा पुसला जातो. धाकट्या भावाला मित्राकडे पाठवतात. शोकेसमधले ‘पाहुण्यांचे’ कप बाहेर येतात. माझ्या ताईच्या वेळी तर बाबांनी हॉलमधला बल्बसुद्धा बदलला होता, जो आम्ही त्याआधी चार महिने ‘बदला बदला’ म्हणत होतो. कांदेपोह्याचा कार्यक्रम हे आपलं अस्सल देशी होम स्टेजिंग आहे. मला तो कार्यक्रम अजिबात आवडत नाही, कारण तिथे ट्रेमागे जिवंत मुलगी असते आणि तिचीही मांडणी चाललेली असते. पण भिंतींना अपमान वाटत नाही. घराचे कांदेपोहे करायला माझी ना नाही.

तर मी ठरवलं, आजीचं घर आपण मांडू. आधी वाटलं, कुणा जाणकाराला बोलवावं. सहा इंटिरिअरवाल्यांना फोन केले. तिघांनी विचारलं, ‘फुल होम आहे का?’ दोघांनी नंतर फोन करतो म्हणून सांगितलं, तो ‘नंतर’ अजून यायचाय. सहावी बाई प्रेमळ होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘अगं, विकायचंच आहे ना? मग कशाला खर्च करताय?’

म्हणजे ज्यांनी ही सेवा द्यायची, त्यांनाच ती पटलेली नाही. गिऱ्हाइकाला कशी पटणार!

मग मी, माझी मैत्रीण (तिने इंटिरिअरचा डिप्लोमा केलाय) आणि मामा, असे आम्ही तिघे दोन शनिवार-रविवार कामाला लागलो. हिशोब देते, कारण असल्या लेखांत तो कधीच नसतो. हॉल आणि स्वयंपाकघराला ऑफ-व्हाइट रंग, मजुरीसकट ११,५०० रुपये. सफाईला दोन माणसं, २,५००. मोठं कपाट आणि दिवाण मामाकडे कल्याणला न्यायला टेम्पो, २,०००. जास्त उजेडाच्या ट्यूब आणि बल्ब, १,४००. पडदे धुऊन इस्त्री, ६००. एकूण १८ हजार. नवीन वस्तू एकही नाही. कपाट आणि दिवाण गेल्याबरोबर हॉल केवढा मोठा निघाला! मामा लहानपणापासून त्या घरात राहिलेला, तो मधोमध उभा राहून म्हणाला, ‘इथे आम्ही क्रिकेट खेळू शकलो असतो.’

यातलं सगळ्यात अवघड काम रंगाचं नव्हतं. शोकेसचं होतं. त्यात आजोबांना रेल्वेत मिळालेली ढाल, मामाचे कॅरमचे कप, काचेच्या बाहुल्या, कुणाच्या तरी बारशाची वाटी. स्टेजिंगचा जगभरातला पहिला नियम असा की, घरातल्या खासगी खुणा काढा. कुटुंबाचे फोटो, बक्षिसं, देव, सगळं. येणाऱ्याला ‘हे दुसऱ्याचं घर आहे’ असं वाटायला नको. मी पाठ केलेला हा नियम आजीला समजावून सांगितला. ती ठाण्याहून रिक्षाने, वर खुर्चीवर बसून दोन पोरांच्या मदतीने आली होती, मुद्दाम बघायला. सगळं ऐकून तिने विचारलं, ‘म्हणजे माझं घर घाण दिसत होतं का गं?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. या सेवेला आपल्याकडे मागणी का नाही यावर मी वाचलेली सगळी कारणं या एका प्रश्नापुढे फिकी पडतात. खर्च, माहितीचा अभाव, प्रशिक्षित माणसं नाहीत वगैरे वगैरे सगळं खरं. पण ही अशी सेवा आहे जिची सुरुवातच गिऱ्हाइकाला दुखावण्यापासून होते. आपल्याकडे रिसेलला येणारं घर बहुतेक वेळा कुणाच्या तरी आयुष्यभराच्या कमाईचं असतं. तिथे जाऊन ‘ही ढाल काढा, हा फोटो काढा’ म्हणणं म्हणजे दुकानाची काच बदलायला सांगण्याइतकं सोपं नाही. तेव्हा मागणी वाढवायची असेल तर पहिलं कौशल्य कुशन निवडायचं लागणार नाही, बोलायचं लागेल. आम्ही मग आजीलाच काम दिलं. कुठली वस्तू कुणाकडे जाणार ते तिने ठरवायचं. ढाल माझ्या भावाला, कप मामाला, बाहुल्या शेजारच्या काकूंच्या नातीला. रिकामं करणं आणि वाटून टाकणं, दोन्हींत कपाट रिकामंच होतं. पण पहिल्यात आजी नुसती बघत बसली असती.

देवघर मात्र आम्ही ठेवलं, नियम मोडून. आपल्याकडे घर बघायला येणारी माणसं ‘देव कुठे ठेवायचे’ हा प्रश्न विचारतातच. त्यामुळे स्वच्छ पुसलेलं, समई लावलेलं छोटं देवघर हे खासगी खूण नसून उत्तर आहे. सिअ‍ॅटलची यादी डोंबिवलीत जशीच्या तशी चालत नाही ती अशी.

पण या ‘खुणा काढा’ नियमाची एक बोचरी बाजूही आहे. देवघर आपल्याकडे सगळ्यांचं एकसारखं नसतं. आमच्या दारावरची पाटी आम्ही काढायची की नाही, यावर आमच्या घरात चर्चासुद्धा झाली नाही, कारण आमच्या आडनावाने आजवर कुणी दारातून परत गेलेलं नाही. ज्यांच्या आडनावाने जातात, त्यांना या नियमाचा वेगळा अर्थ लागतो. कॅलिफोर्नियातल्या मरिन सिटीत एका कृष्णवर्णीय जोडप्याच्या घराचं मूल्यांकन २०२० मध्ये ९ लाख ९५ हजार डॉलर झालं. त्यांनी घरातले आपले फोटो, आपल्या संस्कृतीच्या वस्तू काढल्या, एका गोऱ्या मैत्रिणीला मालकीण म्हणून उभं केलं आणि तिचे कौटुंबिक फोटो मांडले. दुसऱ्या मूल्यांकनात तेच घर १४ लाख ८२ हजारांवर गेलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये तडजोड झाली. ‘घर कुणाचंही वाटायला हवं’ म्हणताना ते ‘कुणाचंही’ म्हणजे नक्की कुणाचं, हे आपल्या सोसायट्यांमध्ये ‘फक्त व्हेज’ फॅमिली शोधणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको.

परत मागणीकडे येते. आपल्याकडे ब्रोकर हे करून का देत नाही? आमच्या ब्रोकरला, त्याला मी दादा म्हणते, हाच प्रश्न विचारला. त्याने दिलेलं उत्तर मला कुठल्याही लेखात सापडलं नव्हतं. तो म्हणाला, ‘ताई, तुमचा फ्लॅट माझ्यासोबत अजून सहा जणांकडे आहे. मी खर्च करून सजवायचा आणि विकणार दुसराच.’ अमेरिकेत घरमालक साधारणपणे एकाच एजंटशी ठराविक मुदतीचा लेखी करार करतो. घर कुणीही गिऱ्हाईक आणून विकलं तरी त्या एजंटचा वाटा ठरलेला असतो. त्यामुळे फोटोग्राफर आणणं, स्टेजरचा सल्ला घेऊन देणं त्याला परवडतं. तिकडे स्टेजिंग पसरलं ते बरंचसं एजंटांच्या खांद्यावरून. आपण मात्र ‘जितके ब्रोकर तितके बरे’ या हिशोबाने आठ ठिकाणी चावी देऊन ठेवतो आणि मग प्रत्येक जण तोच एक धुरकट फोटो एकमेकांच्या ग्रुपवरून उचलून टाकतो. म्हणजे ब्रोकरमार्फत मागणी तयार करायची असेल तर आधी दोन-तीन महिन्यांसाठी एकाच ब्रोकरला घर द्यायची सवय लागायला हवी. ते कुशनपेक्षा खूप कंटाळवाणं काम आहे, म्हणून त्यावर कुणी रील करत नाही.

दुसरं कारण सॅम्पल फ्लॅट. आपल्या डोक्यात ‘सजवलेलं घर’ म्हटलं की तेच येतं. बेड नेहमीपेक्षा आखूड, कपाटाची खोली कमी, आतल्या खोल्यांना दारंच लावलेली नाहीत, भिंतभर आरसा. ताबा मिळाल्यावर आपला सहा फुटी पलंग आत शिरत नाही तेव्हा कळतं. सजवलेलं म्हणजे फसवलेलं, हे समीकरण बिल्डरांनी आपल्याला शिकवलंय. रेरा कायद्यात, म्हणजे २०१६ च्या कायद्यात, कलम १२ आहे. जाहिरात किंवा नमुना सदनिका बघून पैसे भरले आणि त्यातली माहिती चुकीची निघून नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. पैसे व्याजासह परत मागण्याचाही हक्क आहे. हे कलम बिल्डरसाठी आहे, आजीसारख्या घर विकणाऱ्या माणसासाठी नाही. पण म्हणून आजीला काहीही लपवायची मुभा आहे का?

हा प्रश्न मला पडला तो बेडरूममधल्या डागामुळे.

वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून पाणी झिरपून आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली होती. साधारण टीपॉयएवढा डाग, पिवळसर, कडेला पोपडे. ब्रोकरदादा म्हणाला, ‘छोटं कपाट तिकडे सरकवा, कोण बघतंय?’ आणि खरं सांगते, मला ते पटलं. स्टेजिंगच्या उत्साहात मी होतेच. मी बेडरूमचे नवे फोटो अशा कोनातून काढले की तो कोपराच येत नव्हता. खिडकीतून उजेड, पांढरी चादर, फोटो एकदम मस्त. अभिमानाने आजीला दाखवले. तिने चष्मा लावून बघितले आणि म्हणाली, ‘डाग कुठे गेला?’

मी सांगितलं की फोटोत आला नाही. ‘आला नाही की आणला नाहीस?’

त्या रात्री मी शोधलं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याची जबाबदारी लिहिली आहे. मालमत्तेतला असा महत्त्वाचा दोष जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही आणि घेणाऱ्याने नेहमीची काळजी घेऊन बघितलं तरी त्याला कळणार नाही, तो सांगणं बंधनकारक आहे. न सांगणं ही फसवणूक. भिंतीवरचा उघडा डाग बघणाऱ्याला दिसतो. मी कपाट लावून तो ‘न दिसणारा’ केला असता. म्हणजे दोष पाण्याने तयार केला, गुन्हा मी.

मग आम्ही कपाट लावलं नाही. सोसायटीत बोललो, वरच्या काकूंनी बाथरूमच्या फरशीचे सांधे भरून घेतले, खर्च अर्धा अर्धा. भिंत वाळायला वेळ लागतो आणि ओल्या भिंतीवर रंग मारला तर महिन्याभरात पोपडे येतात, म्हणून तो कोपरा तसाच ठेवला. फोटोतही घेतला. घर बघायला येणाऱ्याला मी स्वतः सांगत होते, इथे ओल होती, गळती बंद केली आहे, भिंत वाळतेय. त्यावरून दोघं परत गेले, हेही सांगते.

आणि इथे मला स्टेजिंग करणाऱ्यांशी भांडायचंय, विशेषतः आता जे एआयने फोटोत फर्निचर टाकून देतात त्यांच्याशी. रिकाम्या खोलीत सोफा दाखवणं एक वेळ ठीक. पण तेच ॲप डागही पुसतं, खिडकीबाहेरची शेजारची भिंत काढून तिथे झाडं लावतं. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२६ पासून घराच्या जाहिरातीतला फोटो असा बदललेला असेल तर तसं सांगणं आणि मूळ फोटोही बघायला देणं कायद्याने बंधनकारक झालंय. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होईल. पण ज्यांना हा व्यवसाय उभा करायचाय त्यांनी ही अट स्वतःहून घालून घ्यावी, आणि तीच त्यांची जाहिरात असावी. सॅम्पल फ्लॅटने पोळलेल्या माणसाला ‘आम्ही घर सुंदर करतो’पेक्षा ‘आम्ही काही झाकत नाही’ हे वाक्य जास्त लवकर पटेल. विकणाऱ्यालाही, कारण टोकन दिल्यावर व्यवहार मोडतो तो लपवलेल्या गोष्टींमुळेच.

सुरुवात कुठून करावी? माझ्या मते फर्निचरपासून तर नाहीच. दोन तास घर बघून, खोलीवार लिहून दिलेला सल्ला, एवढंच आधी विकावं. हजार-दोन हजार रुपयांत. करायचं काम मालक स्वतः करेल, त्याला जमतं. आपल्याकडे माणसं भाच्याच्या मुंजीला घर रंगवतात, फक्त विकायच्या वेळी रंगवत नाहीत. रिकाम्या फ्लॅटना, परदेशात राहणाऱ्यांच्या बंद घरांना, महिना-दोन महिने भाड्याचं फर्निचर लागेल, ते देणाऱ्या कंपन्या शहरांत आहेतच. पण ते पुढचं.

हे काम आपल्या वयाच्या मुलामुलींना जमण्यासारखं आहे, असं मला दोन वीकेंडनंतर वाटतं. इंटिरिअरचं शिकणारी एक, बरा कॅमेरा आणि त्याहून बरी नजर असलेला एक, आणि घरमालकाशी गोड बोलणारं कुणी तरी. माझ्या मैत्रिणीने आमच्या घरातून पोर्टफोलिओला पहिले ‘आधी-नंतर’ फोटो मिळवले, फी म्हणून आजीच्या हातचे बेसनलाडू घेतले. दुसऱ्या वेळी लाडवांवर भागवू नकोस असं मी तिला बजावलंय. फुकट केलेल्या कामाला मागणी खूप असते, ती मागणी नव्हे.

फ्लॅट विकला गेला. नवे फोटो टाकल्यानंतरच्या सात आठवड्यांत अकरा जण येऊन गेले, बहुतेकांनी चपला काढल्या. आमची अपेक्षा ४८ लाखांची होती, आधीची सगळ्यात मोठी ऑफर ४२ ची, सौदा झाला ४५ लाख ५० हजारांना. डागापायी घेणाऱ्यांनी पन्नास हजार कमी करून घेतले, ते त्यात धरलेत. वाढलेल्यातले किती रंगाचे, किती उजेडाचे आणि किती निव्वळ योगायोगाचे, ते मला सांगता येणार नाही. आजीची एफडी झाली. पावती तिने पोथीत ठेवलीय.

रजिस्ट्रेशनच्या दुसऱ्या दिवशी ब्रोकरदादाचा फोन आला. ‘ताई, रामनगरला अजून एक फ्लॅट आहे, तुमच्यासारखंच तेवढं करून द्याल का?’ मी म्हटलं, देऊ की, सल्ल्याचे दीड हजार. तो म्हणाला, पार्टीला विचारून सांगतो.

तीन आठवडे झाले, तो अजून विचारतोच आहे.